महाकोशल : राजकीय इतिहास

महाकोशल हा मध्य भारतातील, नर्मदेच्या वरच्या खोऱ्याभोवती पसरलेला, समुद्रकिनारा नसलेला प्रदेश. मुख्य शहर जबलपूर. आजच्या मध्य प्रदेशातील जबलपूर, कटनी, मंडला, डिंडोरी, नरसिंहपूर, सिवनी, बालाघाट आणि छिंदवाडा हे जिल्हे सर्वसाधारणपणे त्यात धरतात. 1956 पूर्वीच्या राजकीय वापरात सागर, दमोह, होशंगाबाद, निमाड आणि अख्खे छत्तीसगडही त्यात मोडत असे. सीमा इतक्या सैल राहिल्या, कारण महाकोशल नावाचे स्वतंत्र राज्य आधुनिक काळात कधी झालेच नाही. या प्रदेशाला पुढारी मिळाले, चळवळी मिळाल्या, कारखाने आणि न्यायालयही मिळाले. राजधानी मात्र 1781 नंतर पुन्हा मिळाली नाही. महाकोशलच्या राजकारणाला जो आकार आला तो मुख्यतः या एका गोष्टीमुळे आला, हे प्रस्तुत नोंदीचे प्रतिपादन आहे.

डोंगर, जंगल आणि समुद्रापासूनचे अंतर यांमुळे हा मुलूख मागे पडला, असे स्पष्टीकरण सहज दिले जाते. पूर्वेतिहास त्याच्या विरोधात साक्ष देतो. जबलपूरजवळचे तेवर हे खेडे म्हणजे कलचुरींची राजधानी त्रिपुरी. नवव्या शतकापासून सुमारे साडेतीनशे वर्षे या घराण्याने येथून राज्य केले. गांगेयदेवाने काढलेल्या लक्ष्मीच्या प्रतिमेच्या सोन्याच्या नाण्यांचा नमुना उत्तरेतील पुढच्या राजघराण्यांनी उचलला, आणि त्याचा मुलगा कर्ण याने थेट काशीत मंदिर उभारले. या घराण्याचे कोरीव लेख नागपूरचे वा. वि. मिराशी यांनी 1955 मध्ये संपादून प्रसिद्ध केले. मराठी विद्वत्तेने या प्रदेशावर केलेले ते मोठे उपकार होत. कलचुरींनंतर गढा येथे गोंडांचे राज्य उभे राहिले. संग्रामशाहाच्या काळात त्याचे 52 गढ सांगितले जातात. त्याची सून राणी दुर्गावती हिने मुलाच्या नावाने कारभार केला आणि 24 जून 1564 रोजी अकबराचा सरदार आसफखान याच्याशी लढताना तिचा अंत झाला. पुढे काही गढ मोगलांना देऊन हे राज्य टिकले आणि राजधानी गढ्याहून चौरागड, रामनगर, मंडला अशी सरकत राहिली, तरी ती खोऱ्याच्या बाहेर गेली नाही. डोंगर आणि जंगल तेव्हाही हेच होते, समुद्र तेव्हाही इतकाच दूर होता.

बदल घडवला तो मराठ्यांनी. मराठी वाचकाला हे कितीही अवघड वाटले तरी तसेच नोंदवायला हवे. 1742 मध्ये पेशवा बाळाजी बाजीराव मंडल्यावर चालून आला, राजा महाराजशाह मारला गेला आणि राज्यावर चौथ बसली. 1781 मध्ये सागरच्या मराठ्यांनी गोंडांची गादीच मोडली. 1798 मध्ये पेशव्याने नर्मदेचे खोरे नागपूरकर भोसल्यांना देऊन टाकले. या तिन्ही घटनांत जबलपूरच्या वाट्याला एकच भूमिका आली, वसुलीच्या ठाण्याची. हिशेब आधी सागरला जाई, मग नागपूरला. मराठ्यांनी उत्तरेत राज्य कसे उभारले याचे पोवाडे पुष्कळ आहेत; मुलूख जिंकल्यावर त्याचा कारभार तिथेच रुजवण्याची तसदी मात्र माळव्याइतकी येथे घेतली गेली नाही. इंदूर आणि ग्वाल्हेर मराठ्यांच्या राजधान्या झाल्या, जबलपूर झाले नाही. हा फरक पुढे 1956 मध्ये पुन्हा आडवा आला.

19 डिसेंबर 1817 रोजी जबलपुरापाशी झालेल्या लढाईनंतर हा मुलूख इंग्रजांकडे गेला. त्यांनी ‘सागर आणि नर्मदा प्रदेश’ म्हणून त्याची वेगळी मोट बांधली. तिची पुढची कहाणी एखाद्या फाइलीसारखी आहे: 1820 मध्ये गव्हर्नर जनरलच्या एजंटाकडे, 1835 च्या सुमारास आग्र्याच्या वायव्य प्रांताकडे, 1842 च्या बुंदेला उठावानंतर पुन्हा एजंटाकडे, दहाएक वर्षांनी पुन्हा वायव्य प्रांताकडे, आणि 2 नोव्हेंबर 1861 रोजी नव्या मध्य प्रांतात, म्हणजे नागपूरकडे. मधल्या काळात इंग्रज अधिकारी स्लीमनने ठगांच्या बंदोबस्ताचे मुख्य ठाणे जबलपुरात केले आणि माफीच्या साक्षीदारांना तंबू व गालिचे विणायला लावले. इंग्रजी साहित्यात जबलपूर त्यामुळेच गाजले. शहराच्या राजकीय जीवनात या प्रकरणाला फारसे स्थान नाही.

1857 चा प्रसंग मात्र जवळून पाहण्याजोगा आहे. तेव्हा गढा-मंडल्याच्या जुन्या राजघराण्याचे वंशज शंकरशाह जबलपुराजवळ छोट्याशा जहागिरीवर राहत होते; सैन्य नाही, किल्ला नाही. 52 व्या देशी पलटणीतील शिपायांशी त्यांचे संधान आहे असा संशय आल्यावर घराची झडती झाली आणि तीत शत्रूंचा संहार कर, असे देवीला आळवणारे पद्य सापडले. तेच मुख्य पुरावा ठरले. 18 सप्टेंबर 1857 रोजी शंकरशाह आणि त्यांचा मुलगा रघुनाथशाह यांना तोफेच्या तोंडी दिले गेले. त्याच रात्री 52 वी पलटण छावणी सोडून निघून गेली. शिक्षा दहशत बसवण्यासाठी होती, परिणाम उलटा झाला. ज्या घराण्याचे राज्य जाऊन पाऊणशे वर्षे झाली होती त्याच्या नावावर पलटण उठते, याचा अर्थ येथल्या लोकांच्या मनात सत्तेची जागा अजून गढा-मंडला हीच होती. सागर, आग्रा किंवा नागपूर नव्हे.

मार्च 1870 मध्ये मुंबईकडून आलेला आणि कलकत्त्याकडून आलेला असे दोन्ही लोहमार्ग जबलपुरात जोडले गेले. देशाच्या दोन मोठ्या बंदरांमधला सांधा ज्या शहरात आहे त्याला आडगाव म्हणता येत नाही. 1904 मध्ये तोफगाड्यांचा कारखाना आला, छावणी वाढली. सरकारने जबलपुराला भरपूर दिले, पण जे दिले ते सगळे साम्राज्याच्या सोयीचे. मुलकी निर्णय नागपुरात होत राहिले. 1903 मध्ये वऱ्हाड जोडले गेल्यावर प्रांताचे दोन तट स्पष्ट झाले: दक्षिणेला मराठी, उत्तर-पूर्वेला हिंदी. 1920 च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसने भाषावार प्रांतिक समित्या केल्या तेव्हा मध्य प्रांताच्या हिंदी भागाची समिती वेगळी झाली आणि पुढे तिने महाकोशल हे नाव घेतले. आधुनिक महाकोशलचा जन्म असा पक्षाच्या घटनेत झाला, सरकारी नकाशावर नाही.

या समितीने चळवळी नेटाने चालवल्या, पण त्यांची फळे वारंवार दुसरीकडे गेली. झेंडा सत्याग्रह मार्च 1923 मध्ये जबलपूरच्या टाउन हॉलपाशी सुरू झाला. नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रीय झेंडा लावण्यावरून पेटलेल्या त्या लढ्यात पंडित सुंदरलाल तुरुंगात गेले, सुभद्राकुमारी चौहान त्यात उतरल्या. काही आठवड्यांत केंद्र नागपूरला हलले, जमनालाल बजाज आणि नंतर वल्लभभाई पटेल यांनी तो देशभर पोचवला, आणि आज झेंडा सत्याग्रह म्हटले की पुष्कळांना नागपूरच आठवते. मार्च 1939 चे त्रिपुरी अधिवेशनही तसेच. सेठ गोविंददास स्वागताध्यक्ष होते, 52 व्या अधिवेशनाला साजेशी 52 हत्तींची मिरवणूक निघाली. पट्टाभी सीतारामय्यांचा 1580 विरुद्ध 1377 मतांनी पराभव करून अध्यक्ष झालेले सुभाषचंद्र बोस तापाने फणफणलेल्या अवस्थेत आले होते. गोविंद वल्लभ पंतांच्या ठरावाने त्यांचे हात बांधले गेले आणि 29 एप्रिलला कलकत्त्यात त्यांनी राजीनामा दिला. काँग्रेसच्या इतिहासातील एक मोठी फूट नर्मदेच्या काठी पडली. महाकोशलकडे मात्र यजमानपणच होते.

आता पहिला गंभीर आक्षेप. 1938 ते 1956 या काळात लोकनियुक्त मंत्रिमंडळ असे तेव्हा प्रांताची सत्ता महाकोशलच्या पुढाऱ्यांकडेच होती, मग वंचना कसली? जुलै 1938 मध्ये मुख्यमंत्री ना. भा. खरे यांनी राजीनामा देऊन सहकाऱ्यांनाही तो द्यायला सांगितले. मराठी मंत्र्यांनी दिला. महाकोशलचे रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि मेहता यांनी नाकारला. गव्हर्नरने त्यांना बडतर्फ केले, खऱ्यांनी नवे मंत्रिमंडळ बनवले, काँग्रेस श्रेष्ठी खवळले, आणि काही दिवसांतच खरे जाऊन शुक्ल नेतेपदी आले. त्याच वर्षी 1 ऑक्टोबरला कायदेमंडळाने वेगळ्या विदर्भाचा ठराव केला. नागपूरकरांच्या आठवणीत हे महाकोशलच्या कारस्थानाचे प्रकरण आहे. संख्याबळ हिंदी भागाकडे होते हे खरेच. पण हे पुढारी राज्य करत होते नागपुरात बसून. शुक्लांचे राजकीय घर तर रायपूर. सत्ता माणसांकडे होती; सचिवालय, कायदेमंडळ आणि त्यांभोवती वाढणारा वकील, पत्रकार, कंत्राटदार यांचा पसारा नागपूरकडे होता. माणसे बदलली की पहिल्या प्रकारची सत्ता सरते, दुसऱ्या प्रकारची टिकते. 1956 मध्ये हेच दिसले.

राज्य पुनर्रचना आयोगाने 1955 च्या अहवालात वेगळा विदर्भ सुचवला आणि उरलेल्या हिंदी भागांच्या नव्या मध्य प्रदेशासाठी जबलपूर ही राजधानी सुचवली. केंद्राने दोन्ही शिफारशी बाजूला ठेवल्या. 1 नोव्हेंबर 1956 रोजी नागपूरची राजधानी गेली आणि ती जबलपुराला मिळाली नाही, भोपाळला गेली. भोपाळ तेव्हा सीहोर जिल्ह्यात होते, त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला 1972 मध्ये. जबलपुरात राजधानी होणार या खात्रीने पुढाऱ्यांनी जमिनी घेऊन ठेवल्या आणि त्याच्या बोभाट्याने राजधानी गेली, अशी कथा शहरात अजून सांगतात. ती खरी धरली तरी तिने फारसे काही उलगडत नाही. ग्वाल्हेर आणि इंदूर ही शहरे मध्य भारत राज्याची राजधानी आपसांत वाटून घेत होती, दोघांपैकी कोणी जबलपूर मान्य केले नसते. भोपाळमध्ये नवाबी इमारती तयार होत्या आणि ते अंतराने सर्वांना सोयीचे होते. संस्थानी शहरांकडे सौदा करण्याची ताकद होती, कारण ती शतकभर राजधान्या होती; जबलपुराकडे केवळ शिफारस होती.

भरपाई म्हणून जबलपुराला उच्च न्यायालय मिळाले. नागपूर उच्च न्यायालय मध्य प्रदेशाचे होऊन तिकडे गेले, हिदायतुल्ला त्याचे मुख्य न्यायाधीश होते. अशी वाटणी जगात इतरत्रही झाली आहे. दक्षिण अमेरिकेतील समुद्रकिनारा गमावलेल्या बोलिव्हियात 1899 च्या यादवीनंतर सरकार ला पाझला गेले आणि घटनात्मक राजधानी सुक्रेकडे सर्वोच्च न्यायालय राहिले. 2007 मध्ये पूर्ण राजधानीसाठी सुक्रेत रक्त सांडले. न्यायालय देऊन राजधानीची भूक भागत नाही, इतके यावरून म्हणता येते. यावर दुसरा आक्षेप असा की न्यायालय ही काही थोडी गोष्ट नाही, आणि त्यात तथ्य आहे. आणीबाणीत स्थानबद्धांच्या अर्जांची सुनावणी होऊ शकते, असा कौल देणाऱ्या उच्च न्यायालयांत जबलपूरचे होते. 28 एप्रिल 1976 रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने तो फिरवला, न्या. ह. रा. खन्ना एकटे वेगळे राहिले. बहुमतात यशवंत चंद्रचूड होते. 2017 मध्ये हा निर्णय मोडीत काढणाऱ्या घटनापीठात त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. ‘एडीएम जबलपूर’ हे या खटल्याचे नाव देशातल्या प्रत्येक कायद्याच्या विद्यार्थ्याला पाठ आहे. मात्र न्यायालयाचा दरारा शहराला मतदारसंघ देत नाही, मंत्री देत नाही आणि अंदाजपत्रकात वाटा देत नाही. शिवाय 1968 पासून इंदूर आणि ग्वाल्हेरला कायम खंडपीठे आहेत.

राजधानी नसलेल्या शहराचे राजकारण विरोधाच्या भाषेत चांगले बोलते. गोविंददास यांच्या निधनानंतर झालेल्या पोटनिवडणुकीत काँग्रेसच्या या बालेकिल्ल्यात तुरुंगात असलेले विद्यार्थी नेते शरद यादव जनता उमेदवार म्हणून निवडून आले. लोकसभेची मुदत वाढवल्याच्या निषेधार्थ 1976 मध्ये त्यांनी मधू लिमये यांच्याप्रमाणे राजीनामाही दिला. मुख्यमंत्रिपदापर्यंत पोचलेले द्वारकाप्रसाद मिश्र मात्र 1967 मध्ये विजयाराजे शिंदे यांच्या पुढाकाराने झालेल्या पक्षांतरात पडले: ग्वाल्हेरने महाकोशलला पाडले, असेही त्याचे वाचन होते.

वेगळ्या महाकोशल राज्याची मागणी अधूनमधून उठते आणि विरते. ती जबलपूरची तक्रार म्हणून खरी आहे, प्रदेशाची मागणी म्हणून कच्ची. सौंसर आणि 2023 मध्ये जिल्हा झालेले पांढुर्णा येथली मराठी बोलणारी माणसे दवाखान्याला, कॉलेजला, बाजाराला नागपूर गाठतात; बालाघाटचा ओढाही तिकडेच. मंडला, डिंडोरीतील गोंडांना जबलपूर आपले वाटेलच असे नाही. छत्तीसगड 1 नोव्हेंबर 2000 रोजी वेगळे झाले, रायपूर त्याची राजधानी झाली आणि उच्च न्यायालय बिलासपूरला गेले. समुद्र त्यालाही नाही. जुन्या महाकोशलचा जो भाग आपल्या राजधानीभोवती संघटित होऊ शकला त्याचे राज्य झाले. जबलपुराभोवतीचा उरलेला भाग भोपाळखाली राहिला, आणि राज्याच्या मागणीत छिंदवाडा, बालाघाट, मंडला स्वतःहून उतरेपर्यंत तो तसाच राहील.