गाडी सोडा, चढण धरा
बिग थॉम्पसन खोरे, ३१ जुलै १९७६ : एका संध्याकाळचा घटनाक्रम

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, रॉकी पर्वताच्या पूर्व उतारावरून बिग थॉम्पसन नदी उतरते. म्हणायला नदी, आपल्या हिशेबाने मोठा ओढाच. एरवी तिच्यातून शे-दोनशे क्युसेक पाणी वाहतं. एस्टेस पार्क हे थंड हवेचं गाव सोडलं की ती खडकाळ घळईत शिरते आणि सुमारे ४० किलोमीटरनंतर लव्हलँडजवळ मैदानात येते. उतार तीव्र, पात्र अरुंद, जागोजागी धोंडे. कयाक घालणारे असंच पाणी शोधत हिंडतात. नदीला अगदी खेटून महामार्ग क्रमांक ३४ जातो. बाकी सगळं, म्हणजे मोटेल, तंबूंच्या जागा, उन्हाळी घरं आणि दुकानं, रस्ता आणि पाणी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत बसवलेलं.

सकाळ

शनिवार. दुसऱ्या दिवशी, १ ऑगस्टला, कोलोरॅडोला राज्याचा दर्जा मिळून शंभर वर्षं पूर्ण होणार होती. जोडून सुट्टी आल्यामुळे घळईत अडीच ते चार हजार माणसं असावीत, असा नंतरचा अंदाज आहे. त्यांतली बरीचशी बाहेरगावची. कोणी गळ टाकून बसलेले, कोणी तंबू ठोकत होते. पाणी नेहमीसारखं, घोट्या-गुडघ्याएवढं.

दुपार

पूर्वेकडच्या मैदानावरून दमट हवा डोंगराकडे सरकू लागली. उतारावर आदळून ती वर चढली आणि ढग उभे राहिले. इथवर विशेष काही नव्हतं, रॉकीत उन्हाळ्याच्या दुपारी वादळी पाऊस होतच असतो. एरवी वरच्या थरातला वारा असे ढग पुढे ढकलतो आणि एका जागी पाऊस फार वेळ टिकत नाही. त्या दिवशी वरचा वारा अगदी मंद होता. ढगांचे माथे १८ किलोमीटरच्या वर गेले आणि ढग जागचा हलेना.

संध्याकाळी ६ ते ७

घळईच्या वरच्या भागात, एस्टेस पार्कच्या खालच्या अंगाला आणि ग्लेन हेवनच्या बाजूला, पाऊस सुरू झाला आणि बघता बघता धो धो कोसळू लागला. खुद्द एस्टेस पार्क गावात त्या मानाने किरकोळ सरी पडल्या. घळईच्या तोंडाशी, २५-३० किलोमीटर खाली, रस्ता कोरडा होता. लोक जेवणाच्या तयारीत होते. वर काय चाललंय हे खालच्याला दिसत नाही, घळईची रचनाच तशी असते. वळणामागे वळण, डोक्यावर आभाळाची एक पट्टी, आणि त्या पट्टीत ढग नसेल तर माणूस निश्चिंत.

७ ते ८

चार तासांच्या आत काही ठिकाणी सुमारे ३०० मिलिमीटर पाऊस पडला. ताम्हिणी किंवा आंबोलीच्या माणसाला हा आकडा नवा नाही, जुलैत तिथे दिवसभरात एवढा पाऊस होऊन जातो. पण कोलोरॅडोच्या त्या भागात वर्षाला जेवढा पडतो, त्याच्या पाऊणपट पाऊस तेवढ्या तासांत कोसळला होता. डोंगर उभे, माती पातळ, खाली कातळ. पाणी मुरायला जागाच नाही. पडेल ते सरळ नाल्यांत आणि नाल्यांतून नदीत. बाजूच्या कोरड्या घळ्या एकामागून एक वाहू लागल्या आणि दगडमाती रस्त्यावर आली.

८ ते ९

दरडी कोसळल्याच्या तक्रारी पोलिसांकडे येऊ लागल्या. राज्य महामार्ग पोलिसांतले सार्जंट ह्यू पर्डी खालच्या बाजूने घळईत शिरले. वरच्या बाजूला एस्टेस पार्क पोलिसांतले मिशेल कॉनली लोकांना हलवू लागले. खोऱ्यातल्या बहुतेकांना पुराचा अधिकृत इशारा वेळेत मिळालाच नाही. ज्यांना मिळाला तो असा दारोदार फिरणाऱ्या माणसांकडून. खालच्या भागात अनेकांचा त्यावर विश्वास बसेना. पाऊस नाही, मग पूर कुठला? काहींनी सामान आवरायला घेतलं. काही गाडीत बसून रस्त्याने खाली निघाले. तेव्हा रस्त्यावर पाणी नव्हतं, त्यामुळे तो निर्णय चुकीचा वाटावा असं समोर काहीच नव्हतं.

रात्री ९च्या सुमारास

ग्लेन हेवनकडून येणारी उपनदी ड्रेक गावाशी मुख्य नदीला मिळते. दोन्हींचे लोंढे तिथे एकत्र आले. ड्रेकच्या खाली सहा मीटरहून उंच लोंढा घळईतून सुटला. नुसतं पाणी नव्हतं ते. आधी वाहून आलेली झाडं, पूल, घरांची छपरं, मोटारी आणि मोटारीएवढे धोंडे त्यात होते. अरुंद जागी हा राडा अडायचा, मागे पाणी तुंबायचं, मग अडसर फुटून सगळं एकदम पुढे यायचं. घरांबाहेरच्या गॅसच्या टाक्या उखडून, फुसफुसत, वास सोडत अंधारात वाहत होत्या. वर चढून बसलेल्यांच्या आठवणींत हा आवाज आणि हा वास वारंवार येतो.

९.१५च्या सुमारास

पर्डी यांचा शेवटचा बिनतारी संदेश. ड्रेकच्या जरा खाली आपण पाण्यात पुरते अडकलो आहोत, निघता येत नाही, असं त्यांनी कळवलं आणि खालच्या सखल भागातल्या गाड्या बाहेर काढायला सांगितलं. त्यानंतर आवाज आला नाही. त्यांचा मृतदेह कित्येक किलोमीटर खाली सापडला. गाडीचा असा चोळामोळा झाला होता की महामार्ग पोलिसांचं नाव असलेल्या किल्लीच्या कडीवरून ती ओळखावी लागली. कॉनलीही त्याच रात्री गेले. या दोघांच्या इशाऱ्यामुळे जे निघाले, त्यांचा नेमका हिशेब कोणालाच मांडता येणार नाही.

९.४०च्या सुमारास

ड्रेकपासून घळईच्या तोंडापर्यंतचे सुमारे साडेबारा किलोमीटर लोंढ्याने अर्ध्या-पाऊण तासात कापले. शेवटच्या टप्प्यात दोन्ही बाजूंचे कडे जवळजवळ उभे आहेत आणि रस्त्यापलीकडे पाय ठेवायला जागा नाही. रस्त्याने खाली निघालेल्या गाड्यांना पाण्याने गाठलं किंवा पुढचा रस्ताच खचलेला मिळाला. पाटबंधारे प्रकल्पाचा घळईवरून जाणारा पोलादी जलनळ, ज्याच्या तोंडात माणूस सहज उभा राहील, तोही उचलून नेला गेला.

तोंडापाशी मोजलेला कमाल प्रवाह होता ३१,२०० क्युसेक. तिथल्या तोवरच्या सर्वांत मोठ्या नोंदलेल्या पुराच्या जवळपास चौपट. पुणेकरांना हा आकडा लगेच कळेल. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सुटलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांचे तळमजले बुडाले. जवळपास तेवढंच पाणी इथे एका घळईत कोंबलं गेलं होतं, तेही रात्री आणि कसलीही घोषणा न होता.

मध्यरात्र ते पहाट

मैदानात येताच पूर पसरला आणि त्याचा जोर ओसरला. असले पूर जसे झपाट्याने येतात तसेच उतरतात. पण घळईत अडकलेल्यांना वर-खाली जायला रस्ता उरला नव्हता. भिजलेली, थंडीने कुडकुडणारी शेकडो माणसं कड्यांवर उजाडायची वाट बघत बसली.

१ ऑगस्ट

शताब्दीच्या दिवशी हेलिकॉप्टरं घळईत उतरू लागली आणि आठशेहून अधिक लोकांना बाहेर काढलं गेलं. ४१८ घरं आणि ५२ व्यवसाय नष्ट झाले होते. महामार्गाचा बराचसा भाग नाहीसा झाला होता. १४४ माणसं गेली. त्यांतल्या काहींचे मृतदेह कधीच सापडले नाहीत.

नंतर

भूगोलाच्या अभ्यासक ईव्ह ग्रंटफेस्ट यांनी पुढच्या वर्षी वेगळाच प्रश्न हाती घेतला : त्या रात्री कोणी काय केलं? वाचलेल्यांच्या मुलाखती घेऊन आणि मृतांच्या शेवटच्या हालचाली जुळवून त्यांनी मांडणी केली. निष्कर्ष साधा निघाला. जे पाण्याच्या दिशेशी काटकोन करून डोंगर चढले, त्यांची वाचण्याची शक्यता सर्वांत जास्त होती. जे गाडीने घळईतून बाहेर पळू पाहत होते, त्यांतले बरेच गेले. चढणाऱ्यांनी काही शिखर गाठलं नव्हतं. थोड्या उंचीने काम झालं होतं. कोलोरॅडोच्या घळयांतल्या रस्त्यांवर आज फलक दिसतात : पूर आला तर सुरक्षित जागी वर चढा. फलकावर डोंगर चढणारा माणूस काढलेला असतो. प्रत्येक फलकामागे ती रात्र आहे.

आपल्याकडे

३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं, एक महिला आणि चार मुलं, वाहून गेली. चित्रफीत सगळ्या महाराष्ट्राने पाहिली. वाढत्या पाण्याच्या मधोमध एका खडकावर एकमेकांना धरून उभी असलेली माणसं, आणि काठ काही पावलांवर. वरच्या डोंगरात पावसाचा जोर वाढला की ओढा मिनिटांत फुगतो, हे तिथला प्रत्येक गावकरी जाणतो. गावकऱ्याचं ऐकायला मात्र पाहुण्याला वेळ नसतो.

कोलाडला कुंडलिकेत राफ्ट आणि कयाक चालतात, पण तिथलं पाणी वीजघरातून ठरल्या वेळी सुटतं. सह्याद्रीतल्या ओढ्यांना असं वेळापत्रक नाही. सांधण दरीसारख्या चिंचोळ्या जागी भर पावसाळ्यात उतरणं म्हणजे बिग थॉम्पसनच्या तोंडाशी कोरड्या रस्त्यावर उभं राहून आभाळाची पट्टी बघत बसणं.

तेव्हा पावसाळ्यात ओढ्याकाठी जाणार असाल तर चार गोष्टी पाळा. आपल्या डोक्यावरच्या आभाळापेक्षा वरच्या डोंगरावरचं आभाळ बघा. पाणी गढूळ झालं, काटक्या-पाला वाहू लागला किंवा आवाज बदलला, तर त्याच क्षणी बाहेर पडा. बाहेर म्हणजे ओढ्याच्या दिशेने खाली नव्हे, बाजूच्या उतारावर वर. आणि गाडी, पिशवी, चपला यांच्यासाठी परत वळू नका.