टॅपेट, पायलट आणि माझी घाई



नातवाने मध्यंतरी सेकंड हँड बुलेट घेतली, २०१४ सालची. मी सहज विचारलं, "टॅपेट कोण सेट करून देतो रे?" तो म्हणाला, "आजोबा, ह्याला ते लागत नाही. तेलाच्या दाबावर आपोआप होतं." त्यावरून डिचोलीचे दिवस आठवले.

आपल्या गोव्यात मोटारसायकलवर भाडं मारणाऱ्याला 'पायलट' म्हणतात. पुढचं मडगार्ड पिवळं, ही त्याची खूण. पेडणे काय, डिचोली काय, बस हमरस्त्यावर सोडून जायची आणि पुढे वाड्यापर्यंत चढ-उतार. म्हाताऱ्यांना दवाखान्यात न्यायचं, बाजाराच्या पिशव्या पोचवायच्या, सगळं पायलटने. मोठ्या शहरांत ॲपवर बाइक-टॅक्सी आली, त्याच्या कितीतरी आधीची ही सोय. गाड्या जास्त करून राजदूत, येझदी आणि बुलेट. बुलेटची जोडणी मद्रासला १९५५ पासून होत होती आणि तिचं इंजिन पुढची कित्येक वर्षं जवळजवळ तसंच राहिलं.

१९६९ साली बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, पुढे छोट्या वाहतूकदारांची कर्जं अग्रक्रमात आली. ऐंशीच्या दशकात मी डिचोलीच्या शाखेत होतो तेव्हा अशी काही खाती माझ्या टेबलावर होती. हिशेब सरळ असायचा. गाडी फिरली तर हप्ता, थांबली तर थकबाकी. त्यात खाणींचे ट्रक आणि ती तांबडी धूळ, गाडीच्या प्रत्येक सांध्यात शिरायची.

एका पायलटचे दोन हप्ते थकले होते. दुसऱ्या दिवशी शिरगावची श्री लईराईची जत्रा, वैशाख शुद्ध पंचमी. "साहेब, जत्रेत भरून काढतो," म्हणाला. पण इंजिन टकटक वाजत होतं. संध्याकाळी मी वसुलीच्या निमित्ताने गॅरेजवर गेलो. मेस्त म्हणाला, "आत्ताच फिरून आलीय. रातभर थंड होऊं दे, सकाळी करतो." मी घड्याळ बघितलं आणि म्हटलं, "पाच मिनिटांचं काम ना? करून टाका." बँकेचा साहेब बोलला म्हटल्यावर दोघेही गप्प.

जुन्या बुलेटला सिलिंडरच्या उजव्या अंगाला, खाली, एक छोटं झाकण असतं. आत दोन पुशरॉड आणि त्यांचे नट. जागा एवढीशी की दोन बोटं गेली तर पुष्कळ, आणि पाने लागतात तीन. मेस्तने आपले पाने घासून पातळ केले होते. आत दिसत काहीच नाही, सगळा बोटांचा अंदाज. रॉड चिमटीत सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. झाकणाचा नटसुद्धा त्याने बोटावर ग्रीस लावून चिकटवला, दोन आटे हाताने बसवले आणि मगच पाना लावला. "अडचणीच्या जागेत आधी पाना घातला की आटे मोडतात," असं तो म्हणायचा.

काम नीट झालं, चूक वेळेची होती. इंजिन तापलं की सिलिंडर वाढतो आणि टॅपेटची फट मोठी होते. तेव्हा ती नेमकी बसवली, तर थंड झाल्यावर रॉड आवळला जातो आणि व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. सकाळी तेच झालं. किक मारली तर पायाला जोरच लागेना, गाडी सुरू होईना. बाकीचे पायलट पहाटेच शिरगावला निघून गेले होते. मेस्त आला, थंड इंजिनावर झाकण पुन्हा उघडलं, अर्ध्या तासात गाडी चालू. पण पहाटेचं भाडं गेलं ते गेलं.

थकलेल्या हप्त्यांना मी मुदतवाढीची शिफारस केली, ती मंजूर झाली. पुढे ते खातं वेळेवर फिटलं.

आज बसची वाट, वाड्यांचे रस्ते, सगळंच बदललं. पेडणे तालुक्यात मोपाला विमानतळ झाला आणि 'पायलट' शब्दाचा दुसरा अर्थही घराशेजारी आला. आपल्या गावचा पायलट कोणाला आठवत असेल तर जरूर लिहा.

राहता राहिलं एकच. त्या मुदतवाढीच्या टिपणात मी कारण लिहिलं होतं, 'वाहनात तांत्रिक बिघाड.' घाई कोणाची होती ते लिहिलं नव्हतं. आज लिहिलं.