अक्कलकोटचे कारभारी, हायकोर्टाचे न्यायमूर्ती

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण म्हणतो. मी सातवी शिकलेली. कायद्याची कलमे मला कळत नाहीत. पण एका न्यायमूर्तींची हकिगत मंडळाच्या वर्धापनदिनी भगिनींना सांगावीशी वाटते.

महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी निफाडला झाला. १८६२ साली ते बी. ए. झाले व १८६६ साली कायद्याची परीक्षा उतरले. त्यानंतर काही काळ ते आपल्या शेजारच्या अक्कलकोट संस्थानात कारभारी होते व पुढे कोल्हापुरास न्यायाधीश. त्याच कोल्हापुरात ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाचे सर्किट बेंच सुरू झाले. आपल्या सोलापूर जिल्ह्यातील अपिलांसाठी आता मुंबई गाठावी लागत नाही.

१८७१ साली रानडे पुण्यास सबजज्ज झाले. विद्वत्ता मोठी, पण सार्वजनिक कार्यामुळे सरकारच्या मनात संशय. १८७९ च्या सुमारास, वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाच्या धामधुमीत, त्यांची नाशिकहून धुळ्यास बदली झाली आणि त्यांचे टपालही फोडून पाहिले जाई. १८८९ साली त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान असलेले काशिनाथ त्र्यंबक तेलंग हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. १८९३ साली तेलंग अकाली वारले, तेव्हा ती जागा रानड्यांना मिळाली. सबजज्ज झाल्यापासून बावीस वर्षे गेली होती. मधल्या काळात त्यांनी ना नोकरी सोडली, ना समाजाचे काम.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवू नये. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी १८७३ साली पहिली पत्नी वारल्यावर वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. लोकांनी त्यांना बोल लावला, तो रास्तच होता. पण त्या मुलीला त्यांनी अक्षरओळखीपासून शिकवले. घरातल्या बायकांना ते रुचले नाही. दिवसा त्यांची बोलणी ऐकायची आणि रात्री धडा गिरवायचा, असे रमाबाईंचे शिक्षण झाले. सरकारचा रोष सोसणे एक वेळ सोपे. एकाच चुलीवरचा रोष रोज सोसावा लागतो, हे आपणा बायकांना सांगायला नको.

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती वारले. रमाबाई खचल्या नाहीत. १९०८ साली मुंबईत व १९०९ साली पुण्यात सेवासदनाचे काम उभे राहिले. तेथे शिकून कितीतरी विधवा परिचारिका, शिक्षिका झाल्या. आपल्या सोलापुरातही सेवासदनाची शाळा आहे. आणि ज्या हायकोर्टात रानडे बसले, तेथेच १९७८ साली सुजाता मनोहर या पहिल्या महिला न्यायमूर्ती झाल्या व १९९४ साली मुख्य न्यायमूर्तीही.

हायकोर्टाची जागा सरकारने बावीस वर्षांनी दिली. घरातला धडा मात्र रानड्यांनी कोणाच्या हुकमाची वाट न पाहता सुरू केला. आपल्याही घरात सून असेल, धुणेभांडी करणारी बाई असेल. तिला वाचावेसे वाटले, तर तिच्या हातचे काम घटकाभर आपण घ्यावे.