गोन्सालोचं दुकान

सांडोरच्या माणसाला कुणी संशयी म्हटलं तर त्याने रागावू नये. आमचं चर्चच मुळी संत थॉमसच्या नावाचं. येशू पुन्हा उठला हे बाकीचे शिष्य जीव तोडून सांगत होते आणि हा म्हणत होता, जखमांत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही. त्याच्या आधी काही दिवसांपूर्वी हाच माणूस बाकीच्यांना म्हणाला होता, चला, आपणही गुरूबरोबर मरायला जाऊ. म्हणजे आधी एवढी हिंमत आणि नंतर एवढी शंका! मला त्यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे मधले आठ दिवस. थॉमसचा विश्वास नव्हता, तरी तो त्याच घरात, त्याच माणसांबरोबर राहिला. आणि कुणी त्याला बाहेर काढलं नाही.

असो. आज लिहायचंय ते दुसऱ्या एका संताबद्दल, अस्सल वसईकराबद्दल. संत गोन्सालो गार्सिया. (पुढे मी त्याला "तो"च म्हणणार आहे. गावच्या मुलाला अहो-जाहो करायला जीभ वळत नाही.)

धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हाला त्याची गोष्ट तीन वाक्यांत सांगितली जायची. वसईत जन्मला. जपानला गेला. ५ फेब्रुवारी १५९७ला नागासाकीत क्रुसावर गेला. बाणासारखी सरळ गोष्ट. लहानपणी मला त्याचा धाकच वाटायचा, कारण आपलं काहीच असं सरळ जात नव्हतं. एक वही सुरू केली की अर्धी टाकून दुसरी घ्यायची, उपवासकाळात केलेले संकल्प दुसऱ्या आठवड्यात मोडायचे... संत होणारी माणसं वेगळ्या मातीची असणार, असं मी स्वतःला समजावून टाकलं होतं.

मोठेपणी थोडं वाचलं तेव्हा कळलं की त्या तीन वाक्यांच्या मधली बरीच वर्षं गाळलेली होती.

गोन्सालोचा जन्म १५५६-५७च्या सुमाराचा. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. वसईच्या किल्ल्यात जेझुइटांकडे तो शिकला आणि तरुण वयात त्यांच्याबरोबर जपानला गेला. तिथली भाषा त्याने झपाट्याने उचलली, इतकी की लोक त्याच्याशी मोकळेपणाने बोलत. सुमारे आठ वर्षं त्याने धर्मशिक्षक म्हणून राबून काढली. मनात एकच होतं: जेझुइट संघात प्रवेश. त्याने मागितला, पुन्हा मागितला, आणि तो मिळाला नाही. त्या काळी हिंदुस्थानात जन्मलेल्या, मिश्र रक्ताच्या मुलांना घ्यायला संघ फारसा राजी नसे. पूर्वेकडच्या कामाचे प्रमुख आलेसांद्रो व्हालिन्यानो यांचं मत तर या बाबतीत उघड प्रतिकूल होतं.

मग त्याने काय केलं? दुकान टाकलं. म्हणजे व्यापार सुरू केला. पूर्वेच्या बंदरांत त्याचा जम बसला, धंदा वाढला, त्यासाठी तो फिलिपाइन्सपर्यंत जाऊ-येऊ लागला.

प्रवचनात हा भाग आला तरी एका दमात उरकला जातो. फार तर "काही काळ व्यापार करून" एवढंच. जणू तो चुकून भलत्या गाडीत बसला होता आणि पुढच्या स्टेशनवर उतरला. मला तसं वाटत नाही. आठ वर्षं एका दाराशी उभं राहून ते उघडलं नाही, तेव्हा माणूस कडू होऊ शकतो, घरी परतू शकतो. हा हिशेब लिहीत बसला, माल मोजत बसला, बंदरातल्या सगळ्या जातीच्या माणसांशी बोलत राहिला. आणि जुनी ओढ गेली नव्हती, हे पुढे मनिलात दिसलं.

१५८०च्या दशकाच्या अखेरीस मनिलाला त्याची गाठ फ्रान्सिस्कनांशी पडली. धंदा सोडून तो त्यांच्यात गेला. तेव्हा त्याने तिशी गाठली होती. तिथेही तो धर्मगुरू झाला नाही. ब्रदर म्हणून गेला, ब्रदरच राहिला. लहानपणी जे हवं होतं ते त्याला शेवटपर्यंत जसंच्या तसं मिळालंच नाही, हे लक्षात घ्या.

१५९३मध्ये मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरचे वकील म्हणून पेद्रो बाप्तिस्ता आणि त्यांचे सोबती जपानला गेले. हिदेयोशीसमोर बोलणार कोण? आपला वसईकर. जेझुइटांच्या नोकरीत कमावलेली जपानी भाषा आता फ्रान्सिस्कनांच्या कामी आली. क्योतोत त्यांनी चर्च उभं केलं, कुष्ठरुग्णांसाठी रुग्णालय काढलं. धर्मप्रसाराला बंदी घालणारा १५८७चा हुकूम कागदावर होताच, तरी हे सगळं उघड चाललं होतं. जेझुइटांना हा उतावीळपणा वाटे, आणि माझ्या मते त्यांचं अगदीच चूक नव्हतं. १५९६मध्ये सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागलं, त्यातल्या मालावरून आणि बोलण्यावरून संशय पेटला, आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात धरपकड झाली. डाव्या कानाचा तुकडा कापून सगळ्यांना क्योतोहून नागासाकीपर्यंत ऐन थंडीत चालवत नेलं.

एकूण सव्वीसजण. सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी जेझुइट, बाकीचे साधे जपानी ख्रिस्ती, त्यात बारा-तेरा वर्षांची मुलंसुद्धा. आणि आता एक तपशील, ज्याने मला बराच वेळ पुस्तक मिटून बसवलं. त्या तिघा जेझुइटांपैकी दोघांना संघात प्रवेश मिळाला तो मरणाच्या अगदी आधी, तिथेच नागासाकीत. त्यातला दिएगो किसाई चौसष्ट वर्षांचा होता. ज्या शब्दांसाठी गोन्सालो आठ वर्षं थांबला, ते शब्द शेजारच्या म्हाताऱ्याने त्या दिवशी उच्चारले. फ्रान्सिस्कन झग्यातल्या त्या चाळिशीच्या माणसाच्या मनात तेव्हा काय आलं असेल?

१८६२मध्ये पोप नववे पायस यांनी सगळ्या सव्विसांना एकत्रच संत म्हणून घोषित केलं. हिंदुस्थानात जन्मलेला पहिला संत तो हा. नागासाकीत त्या टेकडीवर १९६२पासून त्यांचं स्मारक आहे: एका ओळीत सव्वीस पुतळे, कुणाचा संघ कुठला ते पटकन कळतही नाही.

आमच्याकडे भाचीच्या वर्गाने फेब्रुवारीतल्या सणासाठी नाटुकलं बसवलं. तेच आपलं तीन प्रवेशांचं: वसई, जपान, क्रूस. मी सहज तिला मधल्या वर्षांबद्दल सांगितलं. ती जरा विचारात पडली आणि म्हणाली, "मग दुकानाचा पण प्रवेश पाहिजे ना, मावशी?" बाईंनी आधी वेळ नाही म्हणून सांगितलं, मग दोन मिनिटं दिली. सामान म्हणून आईने माळ्यावरचा जुना पितळी तराजू काढून दिला. एक पारडं जरा खाली जातं त्याचं, पण चालून गेलं.