उपनगरातील समोरची भिंत



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, तह आणि लढाया उभ्या राहतात. घरातल्या एका भिंतीलाही इतिहास असू शकतो, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील कितीतरी घरांत आज पाऊल टाकावे, तो समोर टीव्हीची भिंत दिसते: प्लायवूडचे आच्छादन, त्यात दडविलेले दिवे, खाली लांबट बैठे कपाट आणि मधोमध काळा पडदा. ही नुसती हौस आहे असे म्हणून भागणार नाही. पाहुण्याला घराने काय दाखवावे आणि घरच्यांनी कोणाकडे तोंड करून बसावे, या दोन जुन्या प्रश्नांचे ते आजचे उत्तर आहे.

जुन्या वाड्याची भिंत इतकी जाड असे की दिवा, पोथी, पानाचा डबा या साऱ्यांची सोय तिच्या पोटातल्या कोनाड्यात होई. चाळीच्या खोलीत भिंत पातळ झाली आणि तिच्या पोटातले सामान बाहेर आले. खुंट्या आल्या, फळी आली, फळीवर डबे आले. वर वाडवडिलांच्या तसबिरी आणि कोपऱ्यात देव्हारा राहिला. खोली भाड्याची असल्यामुळे याहून अधिक काही करण्याची सोयही नव्हती.

१९५० साली अंधेरी व घाटकोपर, आणि १९५७ साली बोरिवली व मुलुंड बृहन्मुंबईत आले. पुढे १९६० च्या सहकारी संस्था कायद्याने आणि १९६३ च्या मालकी हक्काच्या सदनिकांविषयीच्या कायद्याने मध्यमवर्गीयाच्या घराला कायद्याचा आधार दिला. गिरगाव-दादरची बिऱ्हाडे उपनगरांत येऊ लागली. भाडेकरू मालक झाला. भिंत त्याची झाली. सुताराला बोलावून त्याने पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर काचेची शोकेस! तीत कपबश्या, बाहुल्या, मुलांची बक्षिसे आणि थोडी पुस्तके एकत्र नांदू लागली.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. गच्चीवरच्या अँटेनाचे तोंड वरळीच्या मनोऱ्याकडे करायचे, तिची चपटी वायर खिडकीतून आत घ्यायची आणि पोस्टात जाऊन परवान्याची फी भरायची, असा तो काळ. सरकत्या लाकडी दारांच्या पेटीतला तो संच म्हणजे घरातले एक कपाटच. परंतु त्याच्यासमोर बसणारे केवळ घरचे नसत. ‘छायागीत’ किंवा रविवारचा चित्रपट पाहायला मजल्यावरची मुले जमिनीवर दाटीवाटीने बसत. २५ जानेवारी १९८७ पासून ‘रामायण’ दाखविले जाऊ लागले, तेव्हा तर कित्येक घरांत संचालाच हार घातला गेला. देव्हाऱ्यापुढचा भक्तिभाव काही काळ या पेटीपुढे येऊन बसला.

पुढे घरोघर संच आले आणि शेजाऱ्याला येण्याचे कारण उरले नाही. चपट्या पडद्याची एक युक्ती अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९६४ सालीच निघाली होती. पण चपटे पडदे आपल्या हॉलमध्ये सर्रास आले ते एकविसाव्या शतकात. मागे काचेची खोल नळी नसल्यामुळे संच तसबिरीसारखा भिंतीवर चढला. गंमत अशी, की पातळ भिंतीने हिरावलेला कोनाडा आता प्लायवूडने परत आणला आहे. मात्र त्यासाठी भिंतच पुढे सरकते, खोली मागे हटते.

येथे थोडा हिशेब केला पाहिजे. हॉलची रुंदी १० फूट धरा. सोफ्याने ३ फूट घेतले, कपाटाने दीड फूट घेतला; माणसाला उरले साडेपाच फूट. ५५ इंची पडदा जेमतेम ४ फूट रुंद असतो. त्यासाठी अख्खी भिंत कशाला मढवावी? शिवाय पडदा काही वर्षांनी बदलतो, सुतारकाम मात्र राहते. त्याच्याच मापाचा चौकोन कोरून ठेवला, तर पुढचा पडदा बसणार कोठे? वायरसाठी झिरी मारताना आरसीसीच्या खांबाला वा तुळईला छिन्नी लावणे म्हणजे साऱ्या इमारतीच्या हाडाला हात घालणे होय. हलक्या ठोकळ्यांच्या नव्या भिंतीत साधा स्क्रू धरत नाही. आणि बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येत असेल, तर प्लायवूड ती झाकते, थांबवीत नाही.

तेव्हा भिंत अवश्य सजवावी. कष्टाने घेतलेल्या घराचा अभिमान वाटणे गैर नाही. पण सुताराने टेप लावण्यापूर्वी आपण एक माप घ्यावे: या खोलीत चार पाहुणे समोरासमोर बसून बोलू शकतील काय? खुंटीच्या भिंतीला ते साधले होते, शोकेसलाही साधले होते, आणि लाकडी पेटीतल्या संचाने तर सारा मजला गोळा केला होता. आजच्या भिंतीला ते साधेल की नाही, हे पडद्याच्या इंचांवर अवलंबून नाही. आपण माणसांसाठी किती फूट राखून ठेवतो, त्यावर आहे.