ग्राफिक्स कार्ड : जुन्या-नव्यांची तुलना

पडद्यावरचे चित्र रचणाऱ्या कार्डांच्या दोन पिढ्या वेग, स्मृती, वीजखप आणि किंमत या अंगांनी ताडून पाहण्याची रीत. ‘जीपीयू’ हे नाव एनव्हिडियाने 1999 मध्ये ‘जीफोर्स 256’ या कार्डाच्या जाहिरातीतून रूढ केले. आज या बाजारात एनव्हिडिया, एएमडी आणि इंटेल या तीन प्रमुख कंपन्या आहेत. दोन्ही कार्डे आळीपाळीने एकाच संगणकात बसवून एकाच कामाला जुंपली, तरच हाती येणारे आकडे शेजारी मांडता येतात.

नाव आणि साल यांवर भिस्त ठेवणारा हमखास फसतो. 2017 मध्ये आलेल्या एनव्हिडियाच्या ‘जीटी 1030’ची स्मृती जीडीडीआर5 प्रकारची होती आणि तिचा वेग सेकंदाला 48 गिगाबाइट होता. पुढच्याच वर्षी त्याच नावाचे डीडीआर4 स्मृतीचे कार्ड आले, त्याचा वेग 17 गिगाबाइटच्याही खाली. खोक्यावरचे नाव तेच, कार्ड वर्षाने नवे आणि कामाला बरेच मंद.

कोअरची संख्या हाही असाच चकवा. ‘जीटीएक्स 1080 टीआय’ (2017) आणि ‘आरटीएक्स 3060’ (2021) या दोन्ही कार्डांत 3584 कोअर आहेत, आणि कागदावरची गणनक्षमता नव्याचीच जास्त. तरी जुन्या धाटणीच्या अनेक गेममध्ये 1080 टीआय बरोबरीने धावते, कधी पुढेही जाते. त्याची स्मृती सेकंदाला 484 गिगाबाइट वाहून नेते, 3060ची 360. शिवाय 3060च्या पिढीपासून मोजण्याची तऱ्हाच बदलली. पूर्णांकी गणितातही अडकणारे भाग आता दशांशी गणिताचे कोअर म्हणून धरले जातात, त्यामुळे दोन पिढ्यांचे 3584 सारखे नाहीत. मात्र किरण-अनुरेखन, म्हणजे रे ट्रेसिंग आले की पारडे फिरते. डिसेंबर 2024 मधील इंडियाना जोन्सच्या गेमला त्यासाठीची खास यंत्रणा कार्डातच लागते, ती 1080 टीआयमध्ये मुळातच नाही.

गेममधली मोजणी सेकंदाला किती चित्रे, म्हणजे फ्रेम, यावर होते. सेकंदाला 60 फ्रेम म्हणजे एका फ्रेमला सुमारे 16.7 मिलिसेकंद. सरासरी 60 असूनही मधूनच एखादी फ्रेम 100 मिलिसेकंद घेत असेल, तर गेम अडखळतो आणि सरासरीत ते दिसत नाही. म्हणून सर्वांत मंद एक टक्का फ्रेमचा आकडा वेगळा पाहतात. स्मृती अपुरी पडल्याची खूण पहिल्यांदा तिथेच उमटते. नव्या कार्डांच्या जाहिरातीत फ्रेमांचा आकडा दुपटीने वाढलेला दिसला, तर त्यात दोन खऱ्या फ्रेमांमध्ये अंदाजाने रचून घातलेल्या फ्रेम किती, हे आधी विचारावे. त्यांनी हालचाल मऊ दिसते, पण माऊस हलवल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा वेळ घटत नाही.

प्रत्यक्ष खरेदीत कार्डापेक्षा जुना संगणकच जास्त बोलतो. करमाडसारख्या (जि. छत्रपती संभाजीनगर) गावातल्या विद्यार्थ्याच्या टेबलावर एखाद्या ऑफिसातून निघालेला सेकंडहँड डेस्कटॉप असेल, तर त्याच्या एसएमपीएसमधून कार्डाला वेगळी वायर बहुधा निघत नाही. मग मदरबोर्डाच्या स्लॉटमधून मिळणारे 75 वॉट एवढीच वीज हाताशी राहते. या मर्यादेतली घराणी पाहिली की तंत्राची खरी प्रगती डोळ्यांत भरते. ‘जीटीएक्स 750 टीआय’ (2014) 60 वॉटवर सुमारे 1.3 टेराफ्लॉप (सेकंदाला लाख कोटी दशांशी क्रियांचे माप) देई, ‘1050 टीआय’ (2016) 75 वॉटवर 2.1, तेवढ्याच विजेत ‘1650’ (2019) सुमारे 3, आणि 6 गिगाबाइटचे ‘आरटीएक्स 3050’ (2024) 70 वॉटवर 6.8. शेवटचा आकडा वर सांगितलेल्या नव्या मोजणीचा, म्हणून थोडा फुगलेला. तरी दहा वर्षांत तेवढ्याच विजेत काम कैक पटींनी वाढले यात शंका नाही. इन्व्हर्टरवर संगणक चालवणाऱ्याला हा हिशेब फ्रेमांच्या हिशेबापेक्षा जवळचा.

दुसरी अडचण स्लॉटची. एएमडीचे ‘आरएक्स 6500 एक्सटी’ (2022) मदरबोर्डाशी फक्त चार मार्गिकांनी (लेन) बोलते. चौथ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेस बोर्डावर ते निभावते; तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर त्या मार्गिकांचा वेग निम्मा होतो आणि 4 गिगाबाइट स्मृती भरताच कार्ड धापा टाकू लागते. सोळा मार्गिकांचे जुने कार्ड तिथे उजवे ठरू शकते. प्रोसेसर दहा वर्षांचा असेल तर भारी कार्ड त्याची वाट पाहत बसते. ऑटोकॅडमधली साधी द्विमित रेखाटने प्रामुख्याने प्रोसेसरच्या एका कोअरवर चालतात. तेवढ्यासाठी नवे कार्ड घेणे म्हणजे पैसे पाण्यात.

तिसरी गोष्ट ऊन. परीक्षणे बहुतेक वातानुकूलित खोलीत होतात. मराठवाड्यात मे महिन्यात पारा 40 अंशांवर जातो, पत्र्याखालच्या खोलीत हवा त्याहून तापते. आजची कार्डे तापमान पाहून आपला वेग स्वतःच उतरवतात, त्यामुळे दहा मिनिटांच्या चाचणीत आलेला आकडा तासाभराने टिकत नाही. तुलना करायची तर कॅबिनेट बंद ठेवून, अर्धा तास ताण दिल्यावर करावी. जुन्या कार्डातली धूळ काढून थर्मल पेस्ट बदलली, तर त्याच कार्डाचा आकडा सुधारलेला दिसतो.

गेमखेरीज इतर कामांत कसोट्या निराळ्या. जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत. तिच्या श्रेणीवाढीत बँडविड्थ 32 मेगाहर्ट्‌झवरून 400 मेगाहर्ट्‌झवर गेली आणि संकेतांचे गणित करण्यासाठी एनव्हिडियाची टेस्ला कार्डे बसवली गेली. तिथे प्रश्न एकच : एका सेकंदात आलेला विदा एका सेकंदात निपटतो का? निपटत असेल तर कार्ड जुने झाले म्हणून बिघडत नाही. निपटत नसेल तर ते कितीही गाजलेले असो, निरुपयोगी. पुण्यातील सी-डॅकच्या ‘परम सिद्धी-एआय’ची गोष्ट आकड्यांच्या बाबतीत बोलकी आहे. ए100 कार्डांवर उभे असलेले हे यंत्र नोव्हेंबर 2020 मध्ये जगातील पहिल्या 500 महासंगणकांत 63व्या क्रमांकावर आले, तेव्हा लिनपॅक या गणनवेगाच्या चाचणीतला आकडा 4.6 पेटाफ्लॉप (एक पेटाफ्लॉप म्हणजे हजार टेराफ्लॉप) होता. त्याच यंत्राची ‘एआय’ क्षमता 210 पेटाफ्लॉप सांगितली जाते. दोन्ही खरे, पहिला काटेकोर 64 बिटी गणिताचा, दुसरा कमी अचूकतेच्या गणिताचा. दुकानातल्या कार्डावरही हाच खेळ चालतो, म्हणून ‘एआय’चा आकडा कितव्या बिटचा हे कळल्याशिवाय तुलनेत घेऊ नये. घरी भाषाप्रतिमान (लँग्वेज मॉडेल) चालवणाऱ्याला तर वेगाआधी जागा लागते : 12 गिगाबाइटचे 3060 तिथे 8 गिगाबाइटच्या नव्या ‘4060’ला (2023) मागे टाकू शकते, कारण प्रतिमान कार्डात मावले नाही की काम रॅमवर ढकलले जाते आणि रेंगाळते.

जुन्या मालाच्या बाजारावर 15 सप्टेंबर 2022 या तारखेची छाया आहे. त्या दिवशी इथेरियम या आभासी चलनाने कार्डांवरचे खाणकाम (मायनिंग) बंद केले आणि वर्षानुवर्षे रात्रंदिवस राबलेली कार्डे विक्रीला आली. त्यांतली चिप सहसा शाबूत असते. पंखे आणि स्मृतीवरचे थर्मल पॅड आधी तपासावेत.

ड्रायव्हरचे आयुष्यही किमतीत धरायला हवे. मॅक्सवेल आणि पास्कल या आपल्या जुन्या कार्डपिढ्यांसाठी नव्या गेमनुसार सुधारलेले ड्रायव्हर देणे एनव्हिडियाने ऑक्टोबर 2025 नंतर थांबवले. पुढे ऑक्टोबर 2028 पर्यंत फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या येतील. 750 टीआय, 1050 टीआय, 1080 टीआय आणि जीटी 1030 ही सगळी या यादीत आली. ट्युरिंग पिढीचे 1650 तिच्याबाहेर आहे.