सरावाचें माप

पाठांतरानें स्मरणशक्ति वाढते, ही समजूत शाळांतून फार दिवस नांदत आली आहे. ती कसोटीस लावण्याची बुद्धि हार्वर्ड विद्यापीठांतील तत्त्ववेत्ते विल्यम जेम्स यांस झाली, आणि प्रयोग त्यांनीं केला तो स्वतःवरच. व्हिक्टर ह्यूगो या फ्रेंच कवीच्या एका काव्यांतील १५८ ओळी त्यांनीं आठ दिवसांत मुखोद्गत केल्या. एकंदर वेळ लागला सुमारें १३२ मिनिटें. मग रोज वीस-पंचवीस मिनिटें खर्चून ३८ दिवसांत मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’चा पहिला सर्ग सबंध पाठ केला. ही झाली तालीम. एवढ्या मेहनतीनंतर ह्यूगोच्या पुढील १५८ ओळी हातीं घेतल्या, तों लागलीं १५१॥ मिनिटें! ओळीमागें पूर्वीं ५० सेकंद, आतां ५७. दुसऱ्या खेपेस इतर कामांचा शीण होता, हेंही त्यांनीं १८९० सालच्या आपल्या मानसशास्त्रावरील ग्रंथांत प्रांजळपणें नमूद केलें. इतर कांहीं जणांकडूनही त्यांनीं हा प्रयोग करविला. निकाल एकसारखे आले नाहींत.

मग किती फरक खरा मानावा, आणि किती योगायोगाचा? या प्रश्नाचें उत्तर विद्यापीठांतून नव्हे, तर डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यांतून यावें, ही मोठी मौजेची गोष्ट होय. तेथील रसायनज्ञ विल्यम गॉसेट यांनीं १९०८ सालीं ‘स्टूडंट’, म्हणजे विद्यार्थी, या टोपणनांवानें एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांत १० रोग्यांना दिलेल्या दोन निद्राजनक औषधांचे आंकडे आहेत. जन्मतःच एक निद्राळु, तर दुसरा जागा. पण प्रत्येकाची तुलना त्याच्याशींच केली, म्हणजे ही भिन्नता वजाबाकींत गळून पडते. नऊ रोग्यांस दुसऱ्या औषधानें अधिक झोप आली, एकास दोन्ही सारखींच. फरकाची सरासरी १.५८ तास. ही सरासरी त्या फरकांच्याच विखुरलेपणाशीं व रोग्यांच्या संख्येशीं ताडून गॉसेटनें हिशेब मांडला कीं, दुसरें औषध सरस असण्याची पैज सुमारें ६६६ ला १ आहे.

वर्गांतील हुषार व मंद मुलांचे शिकवणीपूर्वींचे आणि नंतरचे गुण याच रीतीनें जोडीजोडीनें वजा करून तपासतां येतात. मात्र हें गणित फरक योगायोगाचा नव्हे एवढेंच सांगतें. तो शिकवणीनेंच पडला, असें म्हणत नाहीं. मधल्या काळांत मूल वाढलेलें असतें, दुसरी प्रश्नपत्रिका सोपी असूं शकते, शिवाय पहिल्या वेळीं अगदीं तळाशीं गेलेलीं मुलें पुढच्या वेळीं बहुधा आपोआपच थोडीं वर येतात. यास्तव शिकवणी न मिळालेल्या मुलांची एक बरोबरीची तुकडी लागतेच.

ती निवडणेंही सोपें नव्हे. १९३० सालीं स्कॉटलंडांतील लॅनर्कशायर येथें २०,००० शाळकरी मुलांपैकीं निम्म्यांना रोज दूध देऊन वाढ मोजली. कोठें कोठें शिक्षकांनीं निवड सुधारावयास जाऊन, भुकेल्या मुलांचीच कणव येऊन, दूध बहुधा त्यांच्याकडे वळविलें, आणि तुलना बिघडली. पुढल्याच वर्षीं गॉसेटनें सुचविलें कीं, एकसारख्या जुळ्यांच्या ५० जोड्या घेतल्या असत्या, तरी याहून खात्रीचें उत्तर मिळालें असतें.